अंगठीचा सांधा : माप बदलण्याची क्रिया, तिची पारख आणि तिची परिभाषा

१

पंढरपूरच्या नरहरी सोनाराची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कट्टर शिवभक्त असलेल्या नरहरीने विठ्ठलाच्या कमरेचा सुवर्णालंकार घडवावयाचे मान्य केले. परंतु देवाचे दर्शन घ्यावयाचे नाही ह्या निश्चयामुळे माप मात्र दुसऱ्याकरवी मागविले. अलंकार एकदा तोकडा झाला, एकदा सैल झाला. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून तो स्वतः राउळात गेला आणि हाताने चाचपून माप घेऊ लागला, तेव्हा पुढचा साक्षात्कार घडला. ह्या कथेचे तात्पर्य हरिहरैक्याचे आहे आणि कीर्तनकार ते सांगतातच. तथापि कथेला उभे करणारा जो व्यवहार आहे, तो शुद्ध सोनारकामाचा आहे : दुसऱ्याच्या हातून आलेले माप चुकते, आणि घडलेला नग पुन्हा मापात आणणे हे मुळात घडविण्याहून अधिक अडचणीचे असते.

कमरेच्या अलंकारास एखादी कडी वाढवून किंवा कमी करून भागते. अंगठीचे तसे नाही. ती अखंड वर्तुळ असते, बोटाशी तिचा संबंध केसभर अंतराचा असतो, आणि खडा जडविलेला असेल तर त्या वर्तुळाचा एक भाग अग्नीला भिणारा असतो. कालिदासाच्या शाकुंतलातील सर्व अनर्थ बोटातून निसटलेल्या अंगठीमुळे ओढवतो, हे संस्कृत नाटकाच्या वाचकास सांगावयास नको. सैल अंगठी ही नाटककाराला सोयीची आणि धन्याला महागात पडणारी वस्तू आहे.

प्रस्तुत लेखात खडा जडविलेल्या अंगठीचे माप कसे बदलतात आणि झालेले काम चांगले की वाईट हे कसे ओळखावे, याचे विवेचन करावयाचे आहे. भाषाविभागाच्या पत्रिकेत ह्या विषयास स्थान देण्याचे कारण असे की, ह्या कामाची पारख आणि ह्या कामाचे शब्द ही परस्परांपासून निराळी काढता येत नाहीत. ज्याला शब्द ठाऊक नाही त्याला दोष दिसत नाही, आणि दिसलाच तर सांगता येत नाही.

२

प्रथम नावे पाहू. ‘अंगठी’ हा शब्द ‘अंगुष्ठ’ ह्या कुळातील, म्हणजे व्युत्पत्तीने अंगठ्याशी जोडलेला. परंतु मराठीत तो कोणत्याही बोटातील नगास लागतो. ‘मुदी’ हा ‘मुद्रिका’ ह्यापासून आलेला; मूळ अर्थ शिक्क्याचा. ‘वळे’ हे ‘वलया’चे रूप, आणि ‘वेढे’ किंवा ‘वेढणे’ ह्यामागे ‘वेष्टन’ आहे. म्हणजे तार किंवा पट्टी बोटाभोवती वेढून केलेला, बहुधा बिनखड्याचा नग. ह्या नावांतच कामाचा भेद सूचित झालेला आहे. वेढ्याची दोन टोके मोकळी असली तर ते चिमटीने दाबून वा उघडून मापात आणता येते, त्यासाठी सोनाराकडेही जावे लागत नाही. जडावाची अंगठी मात्र कापावी लागते.

खडा जिथे बसतो त्याला ‘घर’ किंवा ‘बैठक’ म्हणतात, आणि बोटाला वेढणारा उरलेला भाग म्हणजे वळे. खडा घरात पक्का करण्याच्या क्रियेला ‘कोंदण’ हा शब्द आहे. मराठी माणसाच्या कानाला त्यात ‘कोंदणे’ म्हणजे ठासून भरणे हे क्रियापद ऐकू येते, आणि क्रियाही तशीच आहे. जुन्या जडावात अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती थंडच दाबून, घोटून भरतात. अग्नीचा स्पर्शही न होता सोने सोन्याला चिकटते. खड्याखाली लाखेचे भरण असते आणि चमक यावी म्हणून पातळ पत्रा घातलेला असतो. आज प्रचारात असलेल्या बहुतेक अंगठ्या ह्या जातीच्या नव्हेत. त्यांत खडा चार वा सहा नख्यांनी धरलेला असतो, किंवा घराची कड आत वळवून दाबलेला असतो. महाराष्ट्रात ग्रहासाठी खडा घालणारे घर खालून उघडे ठेवण्याचा आग्रह धरतात, म्हणजे खड्याचा तळ बोटाला लागावा. धार्मिक हेतू काहीही असो, माप बदलताना त्याचा एक व्यावहारिक लाभ होतो : खड्याच्या तळाशी काय साचले आहे ते भिंगातून दिसते.

‘माप बदलणे’ ह्या संपूर्ण क्रियेला मराठीत एकच जुना शब्द नाही. सोनार ‘सैल करणे’, ‘घट्ट करणे’, ‘वाढवणे’, ‘कमी करणे’ असे म्हणतो. ही क्रियापदे परिणाम सांगतात, रीत सांगत नाहीत. गिऱ्हाईक ‘थोडी सैल करा’ म्हणून अंगठी देते तेव्हा ती ठोकून वाढवावयाची, आतून कानसावयाची, की कापून तुकडा घालावयाचा, हा निर्णय त्याच्या नकळत दुसऱ्याकडे जातो. पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच आहे.

३

अंगठीच्या मापाचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. निरनिराळ्या देशांत निरनिराळे क्रमांक चालतात. इंग्लंडात अक्षरे आहेत आणि एका अक्षरामागे आतील परिघ १.२५ मिलिमीटरने वाढतो. अमेरिकेत एका पूर्ण क्रमांकामागे व्यास सुमारे ०.८१ मिलिमीटरने, म्हणजे परिघ सुमारे २.५५ मिलिमीटरने वाढतो. आंतरराष्ट्रीय मानकात आतील परिघाचे मिलिमीटर हेच माप धरले आहे. आपल्याकडे सराफ ‘नंबर’ सांगतात. ह्या सर्व क्रमांकांपेक्षा आतील व्यास किती मिलिमीटर, हे लिहून घेणे अधिक सुरक्षित. व्यास एका मिलिमीटरने वाढवावयाचा असेल तर परिघात ३.१४ मिलिमीटर लांबीचा तुकडा लागतो. मग मूळ अंगठी लहान असो वा मोठी, वळे जाड असो वा पातळ, हा आकडा बदलत नाही.

त्या तुकड्याचे वजनही काढता येते. वळे ३ मिलिमीटर रुंद आणि १.५ मिलिमीटर जाड असेल तर तुकड्याचे घनफळ सुमारे १४ घन मिलिमीटर होते. बावीस कॅरेट सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १७.७ पट असते; तेव्हा वाढलेले सोने सुमारे पाव ग्रॅम. तोळ्याच्या ९६ गुंजा ह्या जुन्या हिशेबाने गुंज म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, म्हणजे एका मिलिमीटरला दोन गुंजा. अंगठी देताना आणि परत घेताना समोर तोलून घेतली, तर ह्या आकड्याशी ताळा पाहता येतो. वजन अपेक्षेइतके वाढले नसेल तर दोन गोष्टी संभवतात : तुकडा न घालता वळे ठोकून ताणले आहे, किंवा घासताना प्रमाणाबाहेर सोने गेले आहे.

सोनाराविषयी संशय व्यक्त करणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. त्या सर्वांचा रोख सोने चोरण्यावर आहे. ह्या विशिष्ट कामापुरते बोलावयाचे तर हा संशय चुकीच्या जागी बसला आहे. पाव ग्रॅमच्या व्यवहारात चोरण्यासारखे फारसे नसते. कानशीखाली पडणारा कीस कारागीर स्वतःच राखून ठेवतो आणि दुकानातील केराची राखही झारेकरी धुवून नेतो. अंगठीच्या धन्याचे खरे नुकसान होते ते कच्च्या सांध्याने आणि तडकलेल्या खड्याने; त्याविषयी मात्र म्हण नाही.

माप घेण्याच्या वेळेचाही विचार करावा लागतो. बोट उन्हाने आणि श्रमाने फुगते, थंडीत आकसते; पहाटेच्या गारठ्यात घेतलेले माप दुपारी काचते. ज्यांच्या बोटाचे पेर मूळ बोटापेक्षा जाड असते त्यांची अंगठी पेरावरून जाईल इतकी मोठी ठेवली की तळाशी फिरते, आणि खडा जड असेल तर तो खाली कलतो. अशा वेळी वळ्याच्या आतल्या बाजूस दोन बारीक सोन्याचे मणी लावणे हा उत्तम उपाय. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापाच्या अरुंद अंगठीहून घट्ट वाटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

४

आता प्रत्यक्ष कृती. बिनखड्याचे वळे निमुळत्या लोखंडी सळईवर चढवून लाकडी हातोडीने ठोकले तर थोडे वाढते. परंतु ते वाढते ते पातळ होऊन. खड्याच्या अंगठीला ही रीत लावणे म्हणजे बैठकीला हादरे देणे होय. तिला कापावेच लागते. छेद बहुधा खड्याच्या बरोबर समोर, वळ्याच्या पाठीशी घेतात, कारण अग्नीपासून खडा तेथे सर्वांत दूर असतो. तेथे पूर्वीचा सांधा असेल तर तोच उघडणे श्रेयस्कर; एका वळ्यावर चार सांधे असणे हे त्या अंगठीचे दुर्दैव समजावे.

छेद घेतल्यावर दोन्ही टोके कानशीने अशी सपाट करावी लागतात की तुकडा मध्ये धरला असता फटीतून उजेड दिसू नये. ह्या एका गोष्टीवर पुढचे सर्व अवलंबून असते. डाख म्हणजे मूळ धातूहून कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू. तो फट भरून काढण्यासाठी नसतो. दोन पृष्ठे अगदी जवळ असतील तर वितळलेला डाख त्यांच्यामध्ये आपोआप ओढला जातो, जसे वातीत तेल चढते. फट रुंद असेल तर तो तेथे साचतो, त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि वरून कितीही घोटले तरी वर्षा-दोन वर्षांत तेथे काळी रेघ उमटते. टाकणखार लावावयाचा तो तापलेल्या धातूवर गंज चढू नये आणि डाख मोकळेपणी पसरावा म्हणून.

‘सांधा’ आणि व्याकरणातील ‘संधी’ हे शब्द एकाच कुळातील आहेत, हे येथे सहज आठवते. पाणिनीने वर्णांच्या अतिनिकट येण्याला ‘संहिता’ असे नाव देऊन तिच्या अधिकारात संधिकार्ये सांगितली. निकटता नसेल तर संधी नाही. कारागिराचा नियमही तोच आहे. टोके आधी भिडली पाहिजेत, डाखाचे काम नंतरचे.

डाखाची निवड मूळ सोन्याच्या कसावर ठरते, आणि येथे इतिहास आडवा येतो. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. सुवर्णनियंत्रणाचा १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या तीन-साडेतीन वर्षांत लग्ने थांबली नव्हती, त्यामुळे अनेक घरांत त्या काळच्या चौदा कॅरेटच्या अंगठ्या आहेत आणि वारसांना त्या बावीस कॅरेटच्याच वाटतात. बावीस कॅरेटचे सोने म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध, चौदा कॅरेटचे म्हणजे हजारात सुमारे ५८५. दुसरे पहिल्याच्या मानाने पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. बावीस कॅरेटसाठी केलेला डाख अशा अंगठीवर वितळवू पाहणारा कारागीर डाखाबरोबर वळेही वितळवून बसण्याचा संभव असतो. म्हणून छेद घेण्यापूर्वी कसवटीवर रेघ ओढून कस पाहणे हा उपचार नव्हे, आवश्यकता आहे. ‘हिणकस’ हा शब्द आज आपण माणसाच्या बोलण्यालाही लावतो. त्यातला ‘कस’ मूळचा ह्या काळ्या दगडावरचा.

डाखाविषयी आणखी एक गोष्ट. एके काळी कॅडमियम मिसळलेला डाख फार लोकप्रिय होता, कारण त्यामुळे सांध्याची शुद्धता जवळजवळ मूळ सोन्याइतकी राखता येत असे. ‘केडीएम’ ही दुकानाच्या पाटीवरची अक्षरे त्यातूनच आली. परंतु कॅडमियमची वाफ फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे, आणि फुंकणी धरणारा माणूस त्याच वाफेवर दिवसभर वाकलेला असतो. गिऱ्हाइकाने अशा डाखाचा आग्रह धरू नये, इतके त्याच्या हाती आहे.

५

खड्यांचा विचार हा ह्या विषयाचा गाभा. नवरत्नांची अंगठी हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण, कारण तीत एकाच वळ्यावर नऊ निरनिराळे स्वभाव एकत्र बसविलेले असतात : मध्ये माणिक आणि भोवती मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद व लसण्या.

हिरा उष्णता सोसतो, पण उघड्या हवेत फार तापला तर त्याचे पृष्ठ जळून दुधी होते. म्हणून त्याच्यावर बोरिक आम्लाचा लेप देतात. माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज हे एकाच खनिजाचे रंगभेद. तेही उष्णता बऱ्यापैकी सोसतात, परंतु वितळलेला टाकणखार व बोरिक आम्ल त्यांच्या पृष्ठाला खाते. म्हणजे एकाला जो लेप कवच, तोच शेजारच्याला विष. ह्यात २००४ च्या सुमारास बाजारात आलेल्या एका प्रकाराची भर पडली आहे : भेगांत शिसेयुक्त काच भरून स्वच्छ केलेली माणके. ती आगीजवळ नेली किंवा आम्लात टाकली की आतील काच बिघडते आणि लपलेल्या भेगा जाळ्यासारख्या प्रकट होतात. कारागिराने खडा फोडला असे गिऱ्हाईक म्हणते; वस्तुतः तो आधीच फुटलेला असतो.

पाचूत जन्मतः भेगा असतात आणि त्यांत बहुधा तेल भरलेले असते. उष्णतेने तेल निघून जाते, खडा फिकट दिसतो, प्रसंगी तडकतो. मोती आणि पोवळे ही प्राणिज. दोन्ही मुख्यतः चुन्याच्या कार्बोनेटची बनलेली असून त्यांत सेंद्रिय द्रव्य असते. आगीने ते करपते आणि तकाकी कायमची जाते. एवढ्यावर भागत नाही. सांधा लावल्यावर काळवंडलेले वळे सौम्य आम्लात उजळतात, आणि चुन्याचे कार्बोनेट आम्लात विरघळते. आगीतून वाचलेले पोवळे आम्लात मरते.

येथे शब्दार्थाचा एक प्रश्न केवळ कोशकाराचा न राहता कारागिराचा होतो. ‘पुष्कराज’ ह्या नावाने बाजारात पिवळा नीलम विकला जातो, आणि पुष्कराज खनिज म्हणून कोशांत व खनिजशास्त्राच्या पुस्तकांत ज्याचा निर्देश असतो तेही त्याच नावाने विकले जाते. पहिल्याला फुटण्याची ठराविक दिशा नाही. दुसऱ्याला एका पातळीत सहज चिरण्याचा धर्म आहे, आणि एकाएकी तापले किंवा निवले की ते त्या पातळीत दुभंगते. पावतीवर नुसते ‘पुष्कराज’ लिहिले असेल तर कारागिराने कोणती काळजी घ्यावयाची? तीच गोष्ट नीलमाऐवजी घातल्या जाणाऱ्या जांभळ्या स्फटिकाची. तो फार तापला तर रंगच सोडतो.

ह्यावरून नियम निघतो तो असा की अनेक खड्यांच्या अंगठीत सर्वांत नाजूक खड्याचा स्वभाव हाच संपूर्ण अंगठीचा स्वभाव धरावयाचा. नवरत्नांच्या अंगठीत मोती व पोवळे काढल्याशिवाय अग्नी लावू नये. आणि काढावयाचे तर त्यांची घरे उघडावी आणि पुन्हा दाबावी लागतात, म्हणून तेथील सोने आधीच झिजलेले असेल तर तेही वाढवावे लागते. ह्या कामाची मजुरी घातलेल्या सोन्याच्या प्रमाणात का नसते, ह्याचे उत्तर एवढ्यावरून मिळावे. काही कारागीर खडे न काढता ओल्या कापडात किंवा ओल्या वाळूत बैठक बुडवून पाठीला डाख लावतात. हिरा वा लसण्या असेल तर हे चालते. मोत्यासाठी चालत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण मात्र नवरत्नांचे नव्हे, तर अगदी साध्या दिसणाऱ्या चांदीतील मोत्याचे. मोती चांदीत घालण्याची रूढी आपल्याकडे सर्वत्र आहे. चांदी ही सर्व धातूंत उष्णतेची सर्वांत चांगली वाहक. तिच्या एका जागी उष्णता टिकत नाही, डाख वितळावयाचा तर सबंध अंगठी तापवावी लागते. म्हणजे सर्वांत भित्रा खडा आणि सर्वांत उतावीळ धातू एकत्र आलेले असतात. ‘एवढीशी चांदीची अंगठी, दोन मिनिटांचे काम’ असे म्हणून ती काउंटरवर टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. आता मोठ्या कारखान्यांत लेझरच्या किरणाने सांधा लावण्याची सोय झाली आहे. हा किरण क्षणाच्या अल्पांशापुरता आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागी उष्णता देतो, त्यामुळे मोती जवळ असूनही वाचू शकतो. जेथे ती सोय नाही, तेथे मोती काढणे हाच मार्ग. आणि मोती काढण्याची तयारी नसेल, तर घरातील वडीलधाऱ्या बायका वळ्याच्या पाठीला दोरा गुंडाळून अंगठी बोटात बसती करीत, ती रीत निर्दोष आहे. दोरा मळतो, तो बदलावा.

लाखेवर बसविलेल्या जुन्या कुंदनकामाच्या अंगठीस तर अग्नी वर्ज्यच. लाख वितळते, खडा खचतो, तळचा पत्रा काळवंडतो. पत्र्यावर पाण्याचा थेंब गेला तरी खड्याचे तेज जाते. जडावाचे काम करणाऱ्याकडे खडे उतरवून, वळे वाढवून पुन्हा कोंदण करून घ्यावे, नाहीतर तिला हात लावू नये. सबंध वळ्यावर खडे असलेली अंगठीही कापावयाची नसते. तीत तुकडा घालावयास मोकळी जागाच नसते.

अग्नीखेरीज आणखी एक भय असते ते आकाराचे, आणि ते फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. वर्तुळ मोठे केले की त्याची वक्रता कमी होते. बैठकीचा तळ आणि खांद्यावरील लहान खड्यांची घरे मूळच्या वक्रतेवर बसविलेली असतात. वळे उघडले की ती किंचित सपाट होतात आणि खडे सैल पडतात. उलट अंगठी लहान केली तर खांद्यांवरील खडे एकमेकांवर दाबले जातात आणि कडांना टवके उडतात. म्हणून दोन क्रमांकांहून अधिक फरक असेल तर बैठक जपून ठेवून वळे नवे करणे बरे.

६

काम झाल्यावर पाहावयाचे काय? नव्या अंगठीची चकाकी ही पारखीची शत्रू आहे. जिलई वाईट सांध्यावरही तितकीच छान चढते. अंगठी दिव्याखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात, दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने पाहावी. पाठीवरून नख फिरवावे. उंचवटा वा खोलगा लागता कामा नये. मग तोंडाची वाफ द्यावी. वाफ उडताना डाखाची रेघ भोवतीच्या धातूहून निराळी दिसते, आणि तुकडा घातला असेल तर अशा रेघा दोन दिसल्या पाहिजेत. रेघ दिसणे हा दोष नव्हे. ती केसासारखी बारीक आणि सरळ आहे की रुंद व ठिपक्याठिपक्यांची, हे महत्त्वाचे. घातलेल्या तुकड्याचा रंग निराळा दिसत असेल तर कस निराळा आहे.

त्यानंतर वळ्याची जाडी. पाठीची जाडी खांद्याशी ताडून पाहावी. सांधा लपविण्याच्या घाईत कारागीर पाठ इतकी कानसतो की तेथे पट्टी पातळ होते, आणि पुढे बोटाच्या दाबाने वळे नेमके तेथेच चेपते. अंगठी सपाट काचेवर उभी आणि आडवी ठेवून डुलते का पाहावे. सळईवर चढवून भोवती कोठे उजेड दिसतो का पाहावे. दिसला तर ती गोल नाही, मग क्रमांक बरोबर असला तरी बोटात बसणार नाही.

शेवटी खडे. अंगठी कानाशी धरून हलकेच टिचकी मारली असता खुळखुळ ऐकू आली तर एखादा खडा सैल आहे. नख्यांवरून सुती धागा ओढावा. अडकला तर नखी उठलेली आहे. उघड्या घरातून खड्याचा तळ पाहावा, तेथे टाकणखाराचा काचेसारखा थर किंवा काजळी राहिलेली असते. हे सर्व देण्यापूर्वीही पाहिलेले असेल तरच नंतरच्या पाहण्याला अर्थ. मूळचा टवका आणि नवा टवका सारखेच दिसतात. म्हणून अंगठी देताना खड्यांची संख्या, वजन, आतील व्यास आणि दिसणारे दोष पावतीवर लिहून घ्यावे. ‘सोनाराने कान टोचावे’ ह्या म्हणीत कारागिराच्या हाताविषयीचा विश्वास आहे. पावती त्या विश्वासाला मारक नाही.

आता एका नव्या गोष्टीचीही नोंद ह्या पावतीवर हवी. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क २००० मध्ये सुरू केला. १६ जून २०२१ पासून तो देशातील २५६ जिल्ह्यांत बंधनकारक झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या ओळखक्रमांकाविना असा दागिना विकण्यास मनाई आहे. हा क्रमांक अंगठीत बहुधा वळ्याच्या आतल्या बाजूस कोरलेला असतो, म्हणजे जेथे करवत चालते त्याच्या आसपास. बेसावध छेदाने तो अर्धा कापला जातो, किंवा घासण्यात पुसला जातो. अंगठी तीच, सोने तेच, पण तिची साक्ष नाहीशी होते. क्रमांक कोठे आहे ते पाहून छेद बाजूला घेणे कारागिराला सहज शक्य असते; त्याला तसे सांगणारा कोणी असावा लागतो.

सांगावयाचे कोणाला, हाच आजचा अवघड प्रश्न आहे. पूर्वी खेड्यातील सोनार गिऱ्हाइकासमोर बसून काम करी; छेद, डाख, कानस ही सर्व डोळ्यांदेखत होत आणि त्यांची नावेही ओघाने कानावर पडत. आज अंगठी दुकानात दिली जाते आणि दुकानाच्या मागे, कित्येकदा दुसऱ्या पेठेत, तिच्यावर काम होते. मुंबईच्या झवेरी बाजारातील कारागिरांत बंगालमधून आलेल्यांची संख्या मोठी आहे. मराठी गिऱ्हाईक ‘डाख’ म्हणते, दुकानातला माणूस हिंदीत ‘टांका’ सांगतो, आणि प्रत्यक्ष फुंकणी धरणाऱ्याच्या बोलीत त्यालाच ‘पान’ म्हणतात. उलट दिशेने, सोने गाळण्याचा गलाईचा धंदा घेऊन सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव भागांतील मराठी कुटुंबे भारतभर पसरली आहेत आणि दूरदूरच्या बाजारपेठांत मुशीभोवती मराठी बोलली जाते. ह्या व्यवसायातील शब्दांचे संकलन करावयाचे झाल्यास केवळ महाराष्ट्रातील सराफ कट्ट्यावर फिरून भागणार नाही. झवेरी बाजारातील बंगाली कारागिराच्या पाटाशीही बसावे लागेल, आणि गलाईवाल्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीशीही बोलावे लागेल. तोवर अंगठी देणाऱ्याने ‘थोडी सैल करा’ इतकेच न म्हणता ‘पाठीला कापून, त्याच कसाचा तुकडा घालून, मोती उतरवून’ असे म्हणावे, आणि पावतीवर तेच शब्द लिहून घ्यावेत.